तान्जिरोच्या चौकड्यावर मालकी कुणाची?

गेल्या वर्षी भाचीने एक फर्माईश केली. तिला कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-अॅनिमेच्या चाहत्यांच्या जत्रेला, जायचं होतं, नेझुको होऊन जायचं होतं, आणि ऑनलाइन मिळणारा तयार पोशाख म्हणे ‘एकदम प्लास्टिक’ दिसत होता. मग आम्ही दोघी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेलो. तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि विचारलं, “हे नक्षीत काय आहे? चांदण्या का पानं?”

पानं. कशाची, ते सांगितल्यावर काका खो-खो हसले. त्याकडे येतेच.

ही नेझुको म्हणजे ‘डेमन स्लेअर’ची नायिका. मूळ जपानी नाव ‘किमेत्सु नो याइबा’. कोयोहारु गोतोगे यांची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, 2016 ते 2020 या काळात साप्ताहिकातून आली, 2019 मध्ये तिची अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशनची, मालिका झाली आणि तिथून पुढे जगभर वेड पसरलं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तिचा चित्रपट आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला, तेव्हा सकाळच्या खेळालाही हिरव्या-काळ्या चौकड्यांची जॅकेटं घातलेली पोरं रांगेत दिसत होती. तो चौकडा नायकाचा, तान्जिरोचा. जगात कुठेही तो दिसला की चाहते ओळखतात.

म्हणूनच प्रकाशक शुएइशाने 2020 मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला, की या कथेतल्या सहा पात्रांच्या कपड्यांवरच्या नक्ष्या आमचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्या. बाजारात नकली मालाचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा अर्ज समजण्यासारखा होता. निकाल मात्र गमतीचा लागला. तीन नक्ष्या मान्य झाल्या, तीन फेटाळल्या गेल्या. फेटाळलेल्या तिन्ही सगळ्यात प्रसिद्ध पात्रांच्या होत्या: तान्जिरो, नेझुको आणि झेनित्सु. कार्यालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की ही नुसती सजावटीची नक्षी आहे, असल्या नक्ष्या सर्रास वापरल्या जातात, त्यावरून माल अमुक एका कंपनीचा आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

आपल्याला ती नक्षी ‘तान्जिरोची’ वाटते. जपानी माणसाला ती आजीच्या उशीच्या अभ्र्यावर, मिठाईच्या खोक्यावर, नाटकाच्या पडद्यावर पूर्वीपासून दिसत आलेली असते. अॅनिमेतले कपडे कसे वाचायचे, हे समजून घ्यायला या निकालाइतकी चांगली सुरुवात मला तरी सापडलेली नाही.

पहिला चौकडाच घ्या. त्याचं जपानी नाव ‘इचिमात्सु’. बुद्धिबळाच्या पटासारखे दोन रंगांचे चौकोन, एकाआड एक. नक्षी फार जुनी आहे आणि पूर्वी तिला ‘इशिदातामी’, म्हणजे दगडी फरसबंदी, असं साधंसुधं नाव होतं. मग 1741 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सानोगावा इचिमात्सु नावाचा एक देखणा काबुकी नट पांढऱ्या-निळ्या चौकड्यांचा हाकामा घालून रंगमंचावर आला. हाकामा म्हणजे कमरेला बांधायचा घोळदार, चुणीदार पायघोळ. शहरातल्या बायका त्या नक्षीवर लट्टू झाल्या आणि दगडी फरशीला नटाचं नाव मिळालं. आपल्याकडेही एखाद्या सिनेमानंतर बाजारात नटीच्या नावाची साडी येते, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की हे नाव पावणेतीनशे वर्षं टिकलं. 2020 च्या तोक्यो ऑलिंपिकचं गर्द निळं बोधचिन्ह आठवा. तेही इचिमात्सुच.

चौकडा कुठेही तुटत नाही, चारी दिशांना पसरत जातो, म्हणून वंश चालू राहावा, धंदा वाढत जावा, अशी शुभेच्छा त्यात मानतात. आता ही शुभेच्छा कुणाच्या अंगावर आहे ते बघा. तान्जिरो डोंगरातल्या कोळसा पाडणाऱ्या कुटुंबातला थोरला मुलगा. एका रात्री तो घरी नसताना राक्षस येतो आणि आई, भावंडं सगळी मारली जातात. वाचते फक्त बहीण, तीही राक्षसीण होऊन. वंश न तुटण्याची नक्षी अंगावर घेऊन हिंडणाऱ्या मुलाचा वंश जवळजवळ तुटलेला आहे.

अॅनिमेतले कपडे वाचायचे म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला इथे सापडतं. नुसत्या नक्षीचा अर्थ शब्दकोशात मिळतो. गोष्ट सुरू होते ती नक्षी आणि ती घालणारा माणूस यांच्यातल्या अंतरात.

नेझुकोकडे वळल्यावर हे आणखी स्पष्ट होतं. तिच्या गुलाबी किमोनोवर जी पानं आहेत ती ‘आसानोहा’. आसा म्हणजे हेम्प, हा म्हणजे पान. आणि काका हसले ते याचसाठी: हेम्प म्हणजे भांगेचं झाड. महाशिवरात्रीला ज्याची पानं वाटतात, त्याच जातीचं. “पोरीच्या अंगावर भांग?” असं म्हणत त्यांनी टेप हातात घेतली.

पण जपानमध्ये या झाडाची ओळख नशेची नव्हती. कापूस घरोघरी पोचायच्या आधी सामान्य माणसाचं कापड त्याच्याच धाग्याचं असे, आणि शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळांतल्या विधींमध्ये तो धागा पवित्र मानला जातो. हे रोप तीन-चार महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जातं, तेही सरळसोट, आणि त्याला फारशी कीड लागत नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या पहिल्या कपड्यांवर हमखास आसानोहा असायची: बाळ असंच भराभर, सरळ वाढू दे आणि त्याला बाहेरचं काही लागू नये.

‘बाहेरचं लागणं’ हे जपान्यांनी किती मनावर घेतलं होतं, त्याचा एक सुंदर पुरावा आहे. मोठ्या माणसाच्या किमोनोला पाठीवर मधोमध उभी शिवण येते, कारण कापडाचा पन्हा अरुंद आणि पाठीला दोन पट्टे जोडावे लागतात. बाळाची पाठ एवढीशी, एका पट्ट्यात मावते, शिवण लागतच नाही. आता जपानीत शिवणीला म्हणतात ‘नुइमे’, आणि ‘मे’ म्हणजे डोळा. मोठ्यांच्या पाठीवर शिवणीचा डोळा असतो, तो मागून येणाऱ्या भुताखेतांवर नजर ठेवतो. बाळाच्या पाठीवर डोळाच नाही! मग आया काय करायच्या, तर मानेखाली पाठीवर रंगीत दोऱ्याने मुद्दाम चार टाके घालायच्या. त्या टाक्यांना ‘सेमामोरी’ म्हणतात, पाठराखण. आपल्याकडे काजळाची तीट लावतात, तिथे टाके घालत.

तर राक्षसांपासून बाळाला राखणारी ही नक्षी कथेत घातलीय कुणी? जी स्वतः राक्षसीण झाली आहे तिने. नक्षी निष्फळ ठरली असं म्हणावं, तर नेझुको माणसं खात नाही, उलट त्यांचं रक्षण करते. म्हणजे नक्षीने राखण केली की नाही? गोतोगेंनी उत्तर दिलेलं नाही, कापड तेवढं समोर ठेवलं आहे. शिवाय ही मुलगी हवी तेव्हा आक्रसून टोपलीत मावते आणि हवी तेव्हा भराभर वाढते, हेम्पच्या रोपासारखी. हे शेवटचं मी जोडलेलं. लेखिकेच्या मनात होतं असा माझा दावा नाही. आणि तिच्या कमरेचा पट्टा, ओबी, नीट पाहा. लाल-पांढरा चौकडा आहे. भावाची नक्षी बहिणीच्या कमरेला.

तिसरा झेनित्सु, पिवळ्याधमक हाओरीवर पांढरे त्रिकोण. हाओरी म्हणजे किमोनोवरून घालायचं पुढून मोकळं जाकीट. हे त्रिकोण म्हणजे ‘उरोको’, खवले. सापाचे, माशाचे, ड्रॅगनचे. साप कात टाकून नवा होतो, म्हणून ही नक्षी संकट झटकून टाकणारी. पण तिची दुसरी ओळख जास्त रंजक आहे. नो आणि काबुकी या जुन्या नाट्यप्रकारांमध्ये ‘दोजोजी’ नावाची कथा फार गाजलेली आहे. एका भिक्षूच्या प्रेमात पडलेली तरुणी, तो फसवून पळाला म्हणून संतापाने सर्पीण होते. तो देवळाच्या अवजड घंटेखाली लपतो, तर ती घंटेला विळखा घालून त्याला आतल्या आत जाळून टाकते. रंगमंचावर ती नर्तकी म्हणून येते तेव्हा वरचं वस्त्र भरजरी असतं. रूप पालटतं तेव्हा आतलं त्रिकोणांचं वस्त्र दिसतं आणि प्रेक्षक समजून जातात.

झेनित्सु सबंध मालिकेत रडतो, पळतो, दिसेल त्या मुलीला लग्नाची मागणी घालतो. झोप लागली किंवा भीतीने शुद्ध हरपली की मात्र आतला दुसराच कुणी जागा होतो आणि विजेसारखी तलवार चालवतो. खवले नाटकात आत असायचे, इथे पहिल्या दिवसापासून बाहेर आहेत. नाटक माहीत असलेल्या प्रेक्षकाला पोराचं गुपित आधीच फुटलेलं असतं.

आता जे अर्ज मान्य झाले त्यांतला एक बघू: गियु तोमिओका. त्याची हाओरी उभी दुभागलेली आहे. अर्धी सपाट वाइनसारख्या लाल रंगाची, अर्धी पिवळ्या-हिरव्या-केशरी भौमितिक नक्षीची. लाल भाग त्याच्या थोरल्या बहिणीच्या कपड्याचा. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी राक्षस आला, भावाला लपवून ती मेली. दुसरा भाग साबितो या मित्राचा, तोही पोरवयातच गेला. गियु दोघांचे कपडे जोडून अंगावर वागवतो. असं दोन कापडांचं वस्त्र शिवायची जपानमध्ये जुनी पद्धत आहे, ‘कातामिगावारी’ तिचं नाव. सोळाव्या शतकातल्या सरदारांना ही फॅशन भारी आवडायची. पण साबितोच्या अर्ध्या भागावरची नक्षी कासवाच्या पाठीवरच्या षटकोनांच्या कुळातली आहे. जपानी म्हण आहे, करकोचा हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार. दीर्घायुष्याची नक्षी, आणि ती घालणारा मुलगा मिसरूड फुटायच्या आत मेला.

पेटंट कार्यालयाने या जोडवस्त्राला ट्रेडमार्क दिला, कारण ही जोडी जगात दुसरीकडे कुठे नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेत त्यांनी एक साहित्यिक निवाडाच दिला म्हणायचा: चौकडा सगळ्यांचा, पण हे दुःख या एकाच माणसाचं.

मुळात नक्ष्यांची ही भाषा जपानमध्ये इतकी का पिकली? एक कारण सरकारी आहे. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीने कुणी काय नेसावं यावर पुन्हा पुन्हा बंधनं घातली. व्यापाऱ्यांकडे पैसा खुळखुळत होता, पण भडक रंग आणि उंची रेशीम त्यांना मना. उरले तपकिरी, राखाडी आणि नीळ. मग शहरी माणसाने त्यांच्याच इतक्या छटा काढल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी’ असा वाक्प्रचार पडला. कुणी बाहेरून साधी काळी हाओरी घालायचं आणि आतल्या अस्तरावर वाघ नाहीतर ड्रॅगन रंगवून घ्यायचं. रंगांवर पहारा बसला की नक्षी बोलायला लागते, अस्तर बोलायला लागतं.

दुसरं कारण अॅनिमेच्या कारखान्यातलं. तिथे हजारो चित्रं काढावी लागतात, म्हणून पात्राचे कपडे एकदा ठरले की सहसा बदलत नाहीत. एकच पोशाख पन्नास भाग चालवायचा, तर तो एका नजरेत ओळखू यायला हवा. पूर्वी पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर हाताने रंगवायचे तेव्हा नक्षीदार कपडा म्हणजे रंगवणाऱ्यांचा छळ. संगणक आल्यावर तो बराच सुसह्य झाला. त्यामुळे अमक्याचे कपडे निळे म्हणून तो दुःखी, तमकीचे हिरवे म्हणून ती आशावादी, असले सिद्धांत कुणी मांडू लागलं की मी जरा सावध होते. पुष्कळदा रंग एवढ्यासाठीच असतो की पात्र शेजारच्या पात्रापासून वेगळं दिसावं. लग्नमांडवात हिरवा चुडा दिसला की ही नवरी हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही; पण म्हणून बसमध्ये हिरवा कुर्ता घातलेल्या बाईलाही आपण नवरी समजत नाही. तेवढं तारतम्य इथेही हवं.

काळ ओळखणं मात्र जमलंच पाहिजे. ‘डेमन स्लेअर’ ताइशो काळात घडते, 1912 ते 1926. जपान बाहेरून पाश्चात्त्य होत होता आणि घरात जपानीच होता. राक्षस मारणाऱ्यांचा गणवेश बघा: आत बंद गळ्याचा, बटणांचा, लष्करी वळणाचा कोट, वरून वाडवडिलांची हाओरी. पाठीवर ‘मेत्सु’ हे अक्षर, अर्थ संहार. कमरेला तलवार, जी बाळगायला 1876 च्या हुकुमाने बंदी आहे, म्हणून आगगाडीच्या स्थानकावर पोलीस दिसले की यांची पळापळ. हे लोक आपल्याच काळात बेकायदा आहेत. आणि त्यांचा सर्वोच्च शत्रू मुझान पहिल्यांदा समोर येतो तो तोक्योतल्या आसाकुसाच्या झगमगत्या गर्दीत, पाश्चात्त्य सूट आणि पांढरी हॅट घालून, कडेवर मूल घेऊन. हजार वर्षं जगलेला हा जीव प्रत्येक काळाचा कपडा चढवतो आणि गर्दीत मिसळतो. मारणारे जुनाट दिसतात, मरण मात्र अद्ययावत दिसतं. मला सगळ्या मालिकेत हाच पोशाख सर्वांत भीतीदायक वाटतो, आणि त्यावर नक्षीचा ठिपकाही नाही.

याच काळातली आणखी एक आकृती अॅनिमेत वारंवार भेटते: किमोनोवर हाकामा, पायात पाश्चात्त्य बूट, केसांत मोठी रिबीन. ही त्या काळची शाळकरी मुलगी. तिच्या किमोनोवर बहुधा ‘यागासुरी’ असते, बाणाच्या पिसांची नक्षी. सुटलेला बाण परत येत नाही, तशी मुलगी सासरहून परत येऊ नये, म्हणून ही नक्षी लग्नात देत. आणि तीच नक्षी घालून मुली शिकायला, सायकली चालवायला बाहेर पडल्या! अशा नव्या वळणाच्या माणसांना ‘हाइकारा’ म्हणत, इंग्रजी ‘हाय कॉलर’चा अपभ्रंश.

तिथून शाळेच्या गणवेशाकडे यायला फार चालावं लागत नाही. मुलांचा काळा, बंद गळ्याचा कोट म्हणजे ‘गाकुरान’. गाकु म्हणजे शिक्षण, आणि ‘रान’ आलाय ओरांदा, म्हणजे हॉलंडवरून. बाहेरच्या जगासाठी दार बंद असण्याच्या काळात युरोपीय म्हणून डच व्यापारीच काय ते भेटत, तेव्हा पाश्चात्त्य ते सगळं डच. मुलींचा ‘सेलर’ गणवेश ब्रिटिश नौदलाच्या खलाशांवरून आला आणि 1920 च्या आसपास ख्रिस्ती मिशनच्या कन्याशाळांतून रुळला. म्हणजे दोन्ही गणवेश लष्करी घराण्यातले. ‘सेलर मून’मधल्या मुली तोच खलाशी कॉलर लावून लढायला उतरतात, तेव्हा कपडा एका अर्थाने माहेरी येतो. बिघडलेला मुलगा दाखवायचा असेल तर गाकुरान गुडघ्यापर्यंत लांब करतात, बटणं उघडी टाकतात. आणि शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलगी मुलाकडे त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण मागते, कारण ते काळजाच्या सर्वांत जवळ असतं. पुढच्या वेळी अॅनिमेतल्या निरोपसमारंभात दुसरं बटण तुटलेला मुलगा दिसला, तर त्याचं प्रकरण जुळलंय असं समजा.

काही कपडे तर थेट साहित्यातून चालत येतात. ‘इनुयाशा’ या मालिकेचा नायक लालभडक झगा घालतो, आणि तो झगा आगीत जळत नाही, कारण तो ‘अग्निउंदरा’च्या केसांचा आहे. हे ऐकून आपल्याला लेखिकेच्या कल्पनाशक्तीचं कौतुक वाटतं. पण जपानी मुलाने हा उंदीर शाळेतच ऐकलेला असतो. ‘ताकेतोरी मोनोगातारी’ ही जपानची सर्वांत जुनी मानली जाणारी गद्यकथा. बांबूत सापडलेली रूपवती कागुया लग्नाला आलेल्या पाच बड्या उमेदवारांना पाच अशक्य वस्तू आणायला सांगते. एकाला अग्निउंदराचं वस्त्र. तो चीनच्या व्यापाऱ्याकडून ढीगभर पैसे मोजून ते विकत घेतो, कागुया ते आगीत टाकते आणि ते भुर्रकन जळून जातं. हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत खोटं निघालेलं वस्त्र ‘इनुयाशा’च्या लेखिका रुमिको ताकाहाशींनी त्यांच्या अर्ध्या माणूस, अर्ध्या राक्षस नायकाला खरं करून दिलं. राजदरबारातल्या श्रीमंताला जे मिळालं नाही, ते कुणालाच नको असलेल्या पोराच्या अंगावर आहे.

जपान म्हणजे एकच लोक नव्हेत, हेही कपड्यांतच दिसतं. ‘गोल्डन कामुय’ ही मालिका होक्काइदो बेटावर, 1904-05 च्या रशिया-जपान युद्धानंतर घडते आणि तिची नायिका आसिर्पा ऐनू आहे, तिथल्या मूळच्या रहिवाशांपैकी. ऐनूंचं पारंपरिक कापड झाडाच्या आतल्या सालीच्या धाग्यांचं, त्यावर वळणावळणाची, काटेरी टोकांची नक्षी. ही नक्षी गळा, बाह्यांची तोंडं, खालचा घेर इथे मुद्दाम भरतात, कारण वाईट शक्ती कपड्याच्या उघड्या तोंडांतून शिरते. पाठराखणीच्या टाक्यांची आठवण झाली ना? मलाही झाली.

कपडे समुद्र ओलांडतात तेव्हा मात्र वाचणारे बदलतात आणि गोंधळ होतो. ‘तोक्यो रिव्हेंजर्स’मधल्या टोळीचं चिन्ह आहे ‘मांजी’, म्हणजे आपलं स्वस्तिक. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे ते जपानला गेलं, तिथे नकाशावर बौद्ध देऊळ त्याच चिन्हाने दाखवतात, आणि एकमेकांत गुंफलेल्या मांजींची ‘सायागाता’ नावाची नक्षी किमोनोच्या रेशमावर सर्रास विणलेली असते. पण पाश्चात्त्य प्रेक्षकाला ते चिन्ह पाहून हिटलर आठवतो, म्हणून परदेशी प्रक्षेपणात पोरांच्या जॅकेटांवरून ते पुसलं किंवा झाकलं गेलं. मराठी घरात बसून ही मालिका पाहणाऱ्याची गंमत वेगळीच: दारावरच्या तोरणाखाली स्वस्तिक, आणि पडद्यावर त्याच जागी धूसर ठिपका. याच्या उलट तान्जिरोच्या कानातले डूल. त्यांवरचा सूर्य किरणांसह उगवतो. आपल्याला ती नुसती छान नक्षी दिसते. कोरियात मात्र ती जपानी साम्राज्याच्या युद्धध्वजासारखी दिसते, आणि तो ध्वज तिथे पारतंत्र्याच्या आठवणी घेऊन येतो. म्हणून दक्षिण कोरियातल्या आवृत्तीत त्या डुलांवरचे किरण बदलावे लागले.

नक्ष्या, रंग, चिन्हं यांचे अर्थ असे इकडेतिकडे होतात. एक नियम मात्र जपानमध्ये तेराशे वर्षं हललेला नाही. किमोनोची डावी बाजू उजवीवर यायला हवी. इसवी सन 719 मध्ये राजदरबाराने सगळ्या प्रजेला तसा हुकूम काढला होता. उजवी बाजू डावीवर येते ती एकाच वेळी, मृतदेहाला शेवटचा पांढरा पोशाख चढवताना. या उलट नेसण्याला ‘हिदारिमाए’ म्हणतात, आणि एखाद्याचं दिवाळं निघायला आलं की ‘त्याचं हिदारिमाए झालंय’ असंही म्हणतात. अॅनिमेत एखादं पात्र उलटा किमोनो घालून उभं दिसलं तर दोनच शक्यता: ते भूत आहे, किंवा चित्रकाराची चूक झाली आहे आणि त्याला उद्या हजार पत्रं येणार आहेत.

शिंपीकाकांना हे मी तीनदा सांगितलं, कारण बायकांच्या शर्टाची बटणपट्टी उलटी असते आणि त्यांचा हात सवयीने तिकडेच जात होता. त्यांनी किमोनो झकास शिवला. आसानोहाचं कापड मिळेना म्हणून भाचीने आठवडाभर बसून गुलाबी सुती कापडावर पानांच्या रेघा स्वतः रंगवल्या. कॉमिक कॉनच्या सकाळी तिने डावी बाजू नीट वर घेतली, चौकड्याचा पट्टा आवळला, तोंडात बांबूची नळी धरली, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि टाकला.

तासाभरात ओसाकाहून तिच्या एका ऑनलाइन मैत्रिणीचा संदेश: किमोनो सुरेख, पण तू मेलीस कधी?

पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र दाखवतो आणि तिच्या फोनने ते तसंच जतन केलं होतं. भाचीने फोटो पुसला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “मावशी, मागच्या कॅमेऱ्याने काढ.”